देवमाशाचं शेपूट

शाळेत मुलं अकरा. बारावी मी,
पण मी आपली स्वयंपाकघरात, बटाटे सोलत.
आमचं बेट एवढंसं, की चिलोएच्या नकाशावर
शेजारच्या बेटाच्या नावातलं एक अक्षर
आमच्या अंगावर बसलंय.

नव्या बाई मार्चमध्ये आल्या, बोटीतून, उलट्या करत.
नाव यास्ना. पायात शहरातले बूट.
पहिल्या आठवड्यात पुस्तकातून वाचून दाखवलं:
निळा देवमासा, लांबी पंचवीस मीटर.
मुलांनी वहीत उतरवलं, खाली रेघ मारली,
आणि जांभया दिल्या.
बाईंनी पुस्तक मिटलं.
"उद्या घरून लोकर आणा. असेल ती."

एल्सिराने आणली उसवलेल्या बाहीची, अजून कुरळी.
नोल्बेर्तोने काळ्या मेंढीची, न धुतलेली, वासासकट.
पाईयाकारांच्या जुळ्या म्हणाल्या, आमच्याकडे मेंढ्या नाहीत,
आणि जाळ्याचा हिरवा दोरा पुढे केला.
बाई म्हणाल्या, छान, हे पोट. पोटाला बळकट हवं.

मग गाठी. जमिनीवर बसून, दात लावून, थुंकी लावून.
पट्टी शाळेत एकच, तीही मोडकी,
म्हणून आधी वितीने मोजलं, मग हाताने, मग वावेने.
बाईंची वाव मोठी, एल्सिराची आखूड,
कुणाची खरी, यावर जुंपली.
मीटर कशाला लागतो
ते मला त्या भांडणात कळलं,
अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात सोलाणं.
मी तिसरीत शाळा सोडली तेव्हा
मीटर हा फळ्यावरचा एक शब्द होता.
माझ्याकडे चिमूट होती, मूठ होती, ओंजळ होती.
तेवढ्यावर चार लेकरं वाढवली.

तोंड फळ्यापाशी ठेवलं. डोळा पहिल्या बाकाशी.
वर्ग संपला, मासा संपेना.
उंबरा ओलांडून पडवीत,
पडवीतून चिखलात,
घंटेचा खांब मध्ये आला, तिथे जरा वाकला,
आणि माझ्या सरपणाच्या खोपटाशी
एकदाचं शेपूट आलं.
मुलं फळ्याकडून खोपटाकडे धावली, खोपटाकडून फळ्याकडे,
दम लागेपर्यंत.
"हा एवढा आपल्या खाडीबाहेरून जातो?"
"जातो."
"आणि आपल्याला दिसत नाही?"
बाई काही बोलल्या नाहीत. खाडीकडे बघत राहिल्या.

शेपटाला उभा केला होता बाल्दोविनोला.
हा पोरगा वर्गात बोलत नाही.
बाप सामन माशांच्या पिंजऱ्यांवर, पंधरा-पंधरा दिवस तिकडेच.
बेरीज विचारली की खाली बघतो.
मग भुरभुर सुरू झाली, बाईंनी हाक मारली, सगळी आत पळाली,
तोंडाकडची, पोटाकडची.
शेपटापर्यंत हाक पोचली नाही.

मी खिडकीतून बघते तर हा तिथेच.
मुठीत धागा, केस निथळताहेत.
गरम बटाटा फडक्यात गुंडाळून गेले.
म्हटलं, चल रे, सगळे गेले.
त्याने मान हलवली.
"मी सोडला तर मासा जाईल."

आता याला काय सांगायचं?
मी दुसऱ्या हाताने तो धागा धरला.
ओला होता, आणि खरंच, थोडा ओढत होता.
वारा असेल.
"खा," म्हटलं. "मी धरलाय."
त्याने सालासकट खाल्ला.

नंतर बाई आल्या, छत्री उलटी झालेली, चेहरा उतरलेला.
माझं चुकलं, म्हणाल्या, मी डोकी मोजली नाहीत.
त्याने धागा त्यांच्या हातात दिला
आणि न विचारता म्हणाला:
"माझ्या एकोणीस वावा. आणि वर एक वीत."

बाईंनी तो आकडा वर्गात फळ्यावर लिहिला.
पंचवीस पुसला नाही. शेजारी लिहिला.

देवमासा गुंडाळला तर नारळाएवढा झाला.
चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवलाय, मिठाच्या बरणीशेजारी.
मेंढीचा वास येतो, थोडा माशाचाही.
बाई विचारतात, एदेल्मिरा, याचं काही विणणार का?
बघू, म्हणते.